कोकणातल्या हवेत पाय कसे राखावे आणि पायाला बसेल असा जोड कसा निवडावा

बुटाचं माप घ्यावं ते संध्याकाळी, दिवसभराची चाल पायात उतरल्यावर. सकाळी पाऊल आटोपशीर असतं. दुपारनंतर उष्म्याने आणि उभं राहून ते फुगतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे चांगलंच जाणवतं. दुकानात सकाळी अगदी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी एसटी स्टँडवर उभं असताना करंगळीला चावू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

माप घरीच घ्या. कागदाची एक कड भिंतीला लावून तो जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप आखूड आणि अरुंद येतं. पेन्सिल अगदी उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करायला दुसऱ्या माणसाला सांगा. स्वतः वाकलात तर वजन सरकतं आणि खूण चुकते. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, कित्येकांचं त्याच्या शेजारचं बोट पुढे असतं. मग चवड्याच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, आणखी दोन खुणा करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल त्याचं माप धरा. जोडवी घालणाऱ्या बायकांनी ती काढू नयेत. बुटात जोडवी असणारच आहेत, तेव्हा मापातही असू द्यावीत.

आपल्याकडच्या दुकानांत चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. तिथे एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मिलिमीटर. खोक्यावर ४०, ४१ असे मोठे आकडे दिसतात ते युरोपीय. त्यात दोन नंबरांमधलं अंतर ६.७ मिलिमीटरच्या आसपास असतं. ढोबळ अंदाज असा धरा: पाऊल २४ सेंटिमीटर असेल तर ५ नंबर, २५ असेल तर ६ ते ६.५, २६ असेल तर ७ ते ७.५ आणि २७ असेल तर ८.५. मात्र प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यामुळे हा आकडा फक्त पहिला जोड मागवण्यापुरता. पायात घालून चालल्याशिवाय नंबर ठरला असं समजू नका.

खरी अडचण लांबीत नसून रुंदीत आहे. नंबर रुंदीबद्दल काहीच सांगत नाही, आणि आपल्या दुकानांत एकाच नंबरात अरुंद-रुंद असे प्रकार क्वचितच मिळतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा रुंद असतं, असं त्यातून दिसलं, आणि त्यावरूनच ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धती सुचवली गेली. त्यात ज्यांचं लहानपण वाडीत अनवाणी गेलं त्यांचा चवडा आणखी पसरलेला असतो, बोटं एकमेकांपासून सुटी असतात. हा काही दोष नाही, पाऊल असंच असायला हवं. पण असा माणूस दुकानात गेला की रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग टाच सुटते, पाऊल पुढे सरकतं आणि बोटं पुन्हा टोकावर आपटतात. लांबी वाढवून रुंदीची गरज भागत नाही. दुसरा साचा शोधा, टोकाकडे गोल किंवा चौकट असलेला.

दुकानात करायची सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभं राहणं. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे. विक्रेत्याने ‘वापरून सैल होईल’ म्हटलं तरी सोडून द्या. चामडं थोडंफार अंग धरतं, रेक्झिन आणि प्लास्टिक धरत नाही. लांब बोटापुढे १ ते १.२ सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, जागा हवी. बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्याखाली वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट कमानीला आधार देत नाही. टाचेमागचा भाग चिमटीत दाबून पाहा, तो ताठ हवा. नाडी बांधून उतारावर किंवा पायरीवर चालून बघा. तिथे बोटं पुढे टेकली तर कोकणातल्या घाटीत आणि पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, रोज टेकणार. मोजे घालणार असाल तर तेच मोजे घालून हे सगळं करा.

चपलेचं वेगळं. टाच आणि बोटं तळाच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर तरी आत हवीत. अंगठ्याचीच चप्पल वर्षभर घालणारा माणूस ती पायात राहावी म्हणून बोटं आवळून चालतो. हे त्याला जाणवतही नाही, पण संध्याकाळी तळवा ठणकतो. रोज दोन-तीन किलोमीटर चालायचं असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या. नवी चप्पल अंगठ्याजवळ लागते, तेव्हा तिथे खोबरेल लावून भागत नाही. आधी दोन दिवस तासभरच वापरा आणि लाल होणाऱ्या जागी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर तो फोडू नका, वरची कातडी हेच त्याचं झाकण.

मुलांच्या बाबतीत एकच मोठी चूक होते: जूनमध्ये शाळेचे बूट दोन नंबर मोठे घेतले जातात. पुढे कापूस कोंबलेल्या बुटात मूल पाय ओढत चालतं, पाखाडीवर पडतं, आणि बूट मापात येईपर्यंत तो झिजलेला असतो. एक-सव्वा सेंटिमीटर जागा ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी वर सांगितल्याप्रमाणे कागदावर मोजा.

पावसाळा

इथून पुढचं नीट वाचा, कारण कोकणात पाय बिघडतात ते बहुतेक जून ते सप्टेंबर याच काळात. पाऊल भिजतं म्हणून बिघडत नाही, ते वाळत नाही म्हणून बिघडतं. सतत ओली राहिलेली कातडी पांढरी पडून सुरकुतते, तिचा वरचा थर मऊ होतो आणि मग बुरशी आत शिरते. बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, कातडी सोलते, खाज येते, चिरा पडतात. याच चिखल्या. तिथेच सुरुवात होते, कारण ती बेचकी सर्वांत आवळलेली असते आणि हवा तिथे पोचत नाही. बूट अरुंद असेल तर आणखीच. म्हणून रुंदीचा प्रश्न पावसाळ्यात दुप्पट महत्त्वाचा.

घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, मग मऊ फडक्याने प्रत्येक बेचकी वेगवेगळी टिपा. चोळू नका, टिपा. त्यानंतर दहा मिनिटं पंख्याखाली पाय उघडे ठेवा. पावडर लावायची तर कोरड्या पायालाच. ओल्यावर लावली की तिचे गोळे होतात आणि ते ओल धरून बसतात. बेचकीत खोबरेल किंवा कसलंही क्रीम थापू नका, ते टाचेसाठी. जोडवी आठवड्यातून दोन-तीनदा काढून त्यांच्याखालची कातडी पुसा. तिथली ओल बाहेरून दिसत नाही.

चिखल्या झाल्याच तर घरोघरी मेंदी लावतात. पानं वाटून केलेली मेंदी लावून ती पूर्ण वाळू दिली तर सौम्य त्रासात उपयोग होतो. मात्र कोनात मिळणारी काळी मेंदी अजिबात लावू नका, तिच्यातल्या रंगाने कातडी भाजते. आठ दिवसांत फरक पडला नाही तर बुरशीचं औषध हवं. टर्बिनाफिन १ टक्का क्रीम दिवसातून एकदा, आठवडा ते दोन आठवडे. किंवा क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे. खाज गेली म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवलं की बुरशी परत येते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसरी चूक याहून घातक आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत लाली आणि खाज नाहीशी होते, बुरशी मात्र आत पसरते. ट्यूबवर बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. बेचकीतून घाण वास, पू, किंवा पायाच्या पाठीवर सूज आली तर ते बुरशीचं काम राहिलेलं नाही, डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात जोड कोणता, तर किमान दोन. भिजलेला बूट या हवेत रात्रभरात वाळत नाही, त्याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. एक आज, दुसरा उद्या. आतला तळ आणि नाडी काढा, वर्तमानपत्र चुरगळून पुढच्या टोकापर्यंत कोंबा आणि दोन-तीन तासांनी तो कागद बदला. चुलीजवळ ठेवू नका, त्याने चामडं तडकतं आणि डिंकाचे जोड सुटतात. पंख्याखाली आडवा ठेवलेला बूट लवकर वाळतो. रोज भिजायचंच असेल तर पाणी आत शिरून लगेच बाहेर पडणारी, मागे पट्टा असलेली रबरी सँडल चांगली. चारी बाजूंनी बंद प्लास्टिकचा बूट पाणी आत आलं की दिवसभर तेच धरून ठेवतो. सुती मोजे घाम शोषून ओले राहतात. बूट घालणं भागच असेल तर पिशवीत दुसरा जोड ठेवा आणि दुपारी बदला.

तळाकडेही बघा. जांभ्याच्या पाखाडीवर श्रावणात शेवाळ धरतं आणि त्यावर कडक प्लास्टिकचा तळ साबणासारखा सरकतो. नखाने दाबलं तर किंचित दबणारा रबरी तळ घ्या, खाचा खोल आणि आडव्या असू द्या. चवड्याखालच्या खाचा सपाट झाल्या की वरून जोड नवा दिसला तरी तो पाखाडीवर घालू नका.

शेत, सडा आणि बंदर

लावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात गमबूट चालत नाही. चिखल तो ओढून घेतो, पाय निघतो आणि बूट मागे राहतो. त्यामुळे लावणी अनवाणीच होते, आणि ते मान्य करूनच काळजी घ्यायची. चिखलात उतरण्याआधी पायाला आणि नखांच्या कडांना खोबरेल चोळा. जखम, चीर किंवा फुटलेली टाच असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, नाहीतर त्या दिवशी बांधावरचं काम घ्या. कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशी आणि गुराढोरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतात आणि अशाच चिरांमधून शरीरात शिरतात. लावणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत अचानक ताप, पोटऱ्यांमध्ये असह्य दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आपण चिखलात काम केल्याचं स्वतःहून सांगा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण त्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच. गरोदर बायका आणि लहान मुलांनी तर स्वतःच्या मनाने मुळीच नाही.

गवत काढताना, काजूच्या बागेत, सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) आणि दगडांच्या गडग्याजवळ मात्र गमबूट घालाच. फुरसं हे विषारी जनावर, म्हणजे साप, लहान असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं आणि त्याचा दंश पायाला, घोट्याजवळ किंवा हाताला होतो. पोटरीच्या अर्ध्यापर्यंत येणारा गमबूट घ्या, जाड मोजे घालून मापा आणि आत बोटभर जागा ठेवा. दंश झालाच तर पैंजण, जोडवी आणि पट्टा ताबडतोब काढा, सूज चढल्यावर ते निघत नाहीत. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलवू न देता दवाखान्यात न्या. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालते.

बंदरावर, मासळीच्या लिलावात उभं राहणाऱ्यांच्या पायाला खारं पाणी, बर्फ आणि खवले असं तिन्ही लागतं. गमबूट दुपारी एकदा काढून पाय कोरडे करा, मोजे बदला आणि रात्री बूट आतून धुऊन उलटे टांगा. कालवाच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या, कडेने पाय कापला तर जखम छोटी म्हणून सोडून देऊ नका. स्वच्छ पाण्याने पाच मिनिटं धुवा, आत कवचाचा तुकडा राहिला का ते पाहा, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं ते आठवा. लाली काही तासांत वर चढत असेल किंवा फोड येत असतील तर त्याच रात्री दवाखाना गाठा. खाऱ्या पाण्यातले काही जंतू फार झपाट्याने पसरतात, यकृताचा आजार असलेल्यांमध्ये तर अधिकच. पाकट या माशाची नांगी लागली तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या वर नाही) तासभर बुडवा. त्याच्या विषाची धार उष्णतेने बोथट होते. पाण्याचा गरमपणा दुखऱ्या पायाने न पाहता दुसऱ्या माणसाच्या हाताने पाहावा.

टाच

भातकापणी झाली, हवा सुकली की टाचा फुटतात. टाचेची कातडी आधीच जाड, तिला तेलग्रंथी नाहीत, आणि मागून उघड्या चपलेत वजन पडलं की ती कडेला पसरते आणि तडकते. दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वजरीने एकाच दिशेने हळू घासा. एका दिवसात सगळं काढायला जाऊ नका, रक्त येईल. पाणी टिपा आणि टाच ओलसर असतानाच युरिया १० ते २५ टक्के असलेलं क्रीम लावा. कोकणात याला उत्तम जोड म्हणजे कोकमाचं मुठेल, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. ते थंडीत दगडासारखं घट्ट होतं, पण अंगाच्या उष्णतेने वितळतं. तळहातावर घासून टाचेला लावा, वर सुती मोजे घाला आणि झोपा. ते पळीत उकळून भेगेत थेंब सोडण्याची जुनी रीत सोडून द्या, त्याने कातडी भाजते आणि भेग आणखी खोल जाते. पंधरा दिवस रोज केलं तर फरक दिसतो. फक्त रविवारी केलं तर दिसत नाही.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल आणि चार पावलांनी ती कमी होत असेल, तर दुखणं बहुधा तळव्यातल्या पडद्याचं असतं. पूर्वी घरात शेणाने सारवलेली जमीन होती, आता सगळीकडे लादी आहे. तीवर दिवसभर अनवाणी उभं राहणाऱ्या बाईची टाच दुखणारच. घरात वापरायला वेगळी मऊ चप्पल ठेवा, ओट्याशीही तीच. अंथरुणातून उठण्याआधी बोटं हाताने आपल्याकडे ओढून दहा मोजेपर्यंत धरा, असं दहा वेळा. नंतर भिंतीला हात टेकवून पोटरी तीस सेकंद ताणा, तीनदा. तीन महिन्यांत कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

कुरूप आणि घट्टा एकाच कारणाने होतात: बूट तिथे दाबतो. कुरूप कापून काढलं आणि बूट तोच ठेवला तर ते परत येतं. नखं सरळ कापा, कोपरे खोल गोल करू नका.

मधुमेह असेल तर

वर लिहिलेल्या कित्येक गोष्टी मधुमेही माणसाने करायच्या नाहीत. पाय भिजत ठेवायचे नाहीत, वजरी जोरात घासायची नाही, कुरुपावर लावायची औषधी पट्टी अजिबात लावायची नाही. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं आणि पायाला ते कळत नाही. कळत नाही, हाच मूळ आजार आहे. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तरी दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने तळवा तपासून घ्या. तंतू वाकेपर्यंत दाबूनही स्पर्श जाणवला नाही, तर पुढे चप्पल निवडताना ‘मला लागत नाही’ या शब्दांवर विसंबून चालणार नाही.

अशांसाठी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल. आतला थर मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा, खाली काटा किंवा खिळा वर येऊ नये म्हणून कडक तळ, मागे पट्टा, वेल्क्रोने सैल-घट्ट होणारी. शिवलेली किंवा चिकटवलेली घ्या, खिळे मारलेली नको. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग काढून पाय पाहा. वीस मिनिटांनीही लाली गेली नाही तर ती जागा दाबते आहे. रोज रात्री मोबाइलचा प्रकाश टाकून तळवा आणि बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर भरदुपारी अनवाणी जाऊ नका. दर्शन सकाळी लवकर घ्या. फोड आला, रंग बदलला, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्याच दिवशी दाखवा, ‘दुखत नाही’ म्हणून थांबू नका.

जोड ठेवताना

कोल्हापुरी आणि चामड्याचे चांगले जोड मृगाआधीच आवरून ठेवा. भिजलं की त्यांचं चामडं फुगतं आणि शिवण सुटते. कोरड्या फडक्याने पुसा, पातळ तेलाचा हात द्या, आत कागद भरा आणि कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. श्रावणात एकदा ऊन पडलं की बाहेर काढून वारा द्या. बुरशी आलीच तर घराबाहेर झटका, सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा. खारं पाणी लागलेलं चामडं आधी गोड्या पाण्याने पुसायला हवं, नाहीतर मिठाचे पांढरे डाग कडक होऊन तिथेच तडा जातो.

पडवीत ठेवलेला कुठलाही बंद बूट घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटा. कोकणात तांबडा विंचू अशाच अंधाऱ्या जागी बसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्याने होणारे मृत्यू खूप घटले आहेत, पण ती गोळी वेळेत मिळायला दंशानंतर घाम सुटणं, हातपाय गार पडणं, उलट्या हे दिसताच मंत्रतंत्रात वेळ न घालवता दवाखान्यात पोचावं लागतं.